घरी अगर प्लेट बनवायची आहे? मग हे आधी वाचा

अगर प्लेट म्हणजे झाकणाची चपटी डिश, तिच्यात अगर (समुद्री शेवाळापासून मिळणारा, जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) घालून जमवलेलं खाद्य, म्हणजे मीडियम, आणि त्यावर यीस्टसारखे सूक्ष्मजीव वाढवायचे. हे मीडियम शिजवणं अवघड नाहीये, बटाटा उकडायचा, पाणी गाळून घ्यायचं, साखर आणि अगर घालून विरघळवायचं, झालं. ज्याला गॅस पेटवता येतो त्याला हे जमतं. बहुतेक नवीन लोकांची गाडी अडते ती पुढे, म्हणजे त्या मीडियमवर आपल्याला हवं तेच उगवायला हवं आणि बाकी काही उगवता कामा नये, आणि हवेत, हातांवर, टेबलावर, खुद्द त्या बटाट्यावर सगळीकडे सूक्ष्मजीव आहेतच. म्हणून मी रेसिपी पटकन सांगणार आहे आणि स्वच्छतेवर, निर्जंतुक करण्यावर जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तरी तेच वाचा.

काय वाढवायचं हे पहिल्यांदा ठरवा

मीडियमला हात लावायच्या आधीचा प्रश्न हा आहे. प्लेटवर तुम्ही जे टेकवता त्याचे दोन दिवसांत कोट्यवधी होतात, त्यात एखादा रोगजंतू असेल तर त्याचेही कोट्यवधी होतात, आणि तो कोणता आहे हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून घरी घसा, नाक, जखम, पुरळ, टॉयलेट, कच्चं मांस, पाळीव प्राणी यातलं काहीही घेऊन प्लेटवर लावायचं नाही. "बघू तरी काय येतं" म्हणून पण नाही. इंटरनेटवर असले प्रयोग भरपूर दिसतात, फोटो भारी येतात, पण मला ते पटत नाही. घरात अगदी लहान बाळ, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कोणी असेल तर तर हा छंद दुसरीकडे कुठेतरी करा, शाळेत कॉलेजात लॅब असेल तर तिथे.

सुरुवातीला बेकरीचं यीस्ट घ्या. पाकिटातलं कोरडं यीस्ट चालतं, पटकन वाढतं, कॉलनी (एका जागी वाढून डोळ्यांना दिसणारा पेशींचा ठिपका) ओळखता येते आणि काही चुकलं तरी फार बिघडत नाही. खाली दिलेलं मीडियमही यीस्ट आणि बुरशीलाच आवडणारं आहे.

अजून एक, मीडियममध्ये अँटिबायोटिक घालायचं नाही. घरातल्या जुन्या गोळ्या कुटून घालणारे लोक असतात. त्याने काय होतं, तर औषधाला दाद न देणारे जिवाणू तेवढे मागे राहतात आणि मग तेच वाढतात, आणि ते आपल्याला घरात अजिबात नको आहेत.

अगरच का

अगर लाल समुद्री शेवाळापासून मिळतं, गेलिडियम आणि ग्रासिलारिया ही त्यातली मुख्य नावं. याच्या आधी जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडे बटाट्याचे काप आणि जिलेटिन वापरून झालं होतं. जिलेटिनची अडचण अशी की ते जरा उबेत ठेवलं की वितळतं आणि बरेच जिवाणू ते पचवून टाकतात, म्हणजे घट्ट पृष्ठभागच राहत नाही. 1881 च्या सुमारास कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांना त्यांच्या पत्नीने, फॅनी हेस यांनी, अगर सुचवलं, त्या जेली करायला घरात तेच वापरायच्या. आणि ती चपटी झाकणाची डिश आली 1887 मध्ये, ज्युलियस पेट्री यांची. म्हणजे या शोधाचा निम्मा भाग स्वयंपाकघरातूनच आलाय, त्यामुळे आपण स्वयंपाकघरात उभं राहून हे करतोय यात कमीपणा काही नाही.

कामाची गोष्ट ही की अगर विरघळायला साधारण 85 ते 95 अंश लागतात पण एकदा विरघळलं की ते पुन्हा घट्ट होतं ते थेट 35-40 अंशाच्या आसपास आल्यावर. मधला जो मोठा टप्पा आहे, त्यातच आपल्याला ओतायला वेळ मिळतो. आणि घट्ट झाल्यावर उन्हाळ्यातही ते वितळत नाही, बहुतेक जंतूंना ते पचतही नाही.

सामान

अगर पावडर घ्या. चायना ग्रास म्हणून ज्या पट्ट्या किंवा दोरे मिळतात तेही अगरच आहे, चालतं, फक्त आधी भिजवावं लागतं आणि विरघळायला वेळ लागतो. पाकीट मात्र नीट वाचा, तयार जेली मिक्स असतं त्यात साखर, रंग, आंबटपणा आणि कधीकधी अगरऐवजी दुसरंच काही असतं, ते नको.

बाकी मग बटाटा, डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज साखर (नसेल तर साधी साखर, यीस्टला चालते), ग्रॅममध्ये दाखवणारा वजनकाटा, प्रेशर कुकर, उष्णता सहन करणारी काचेची बाटली, ॲल्युमिनियम फॉइल, 70 टक्क्यांचं अल्कोहोल, टेप, मार्कर. डिशा काचेच्या असतील तर उत्तम, त्या धुऊन पुन्हा वापरता येतात. प्लॅस्टिकच्या पेट्री डिश निर्जंतुक करून सीलबंद पाकिटात मिळतात, त्या कुकरमध्ये टाकायच्या नाहीत, वाकड्यातिकड्या होऊन बसतात.

अल्कोहोल 70 टक्केच का, 99 का नाही असं बरेच जण विचारतात. जंतूंची प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी लागतं, आणि पाणी मिसळलेलं अल्कोहोल लगेच उडूनही जात नाही, जरा वेळ टेकतं. त्यामुळे जास्त टक्क्यांचं म्हणजे जास्त चांगलं असं इथे नाहीये.

आणि हो, यासाठीची भांडी, बाटल्या, गाळणं वेगळं ठेवा. या कामातलं काही पुन्हा जेवणाच्या भांड्यांत मिसळू नका. कुकरही जमलं तर वेगळाच, एखादा जुना.

शिजवायचं कसं

हे माप 250 मिलीचं आहे, यात साधारण 12 ते 15 डिशा होतात. बटाटा 50 ग्रॅम, डेक्स्ट्रोज 5 ग्रॅम, अगर 4 ते 5 ग्रॅम. प्रयोगशाळेचं अगर असेल तर 4 पुरतं, किराणातलं असेल तर 5 घ्या कारण त्याची ताकद कमीजास्त असते.

बटाटा धुऊन सालं काढून बारीक फोडी करा आणि 250 मिलीपेक्षा जरा जास्तच पाण्यात मऊ होईपर्यंत उकडा, अर्धा तास धरा. मग फोडी न कुस्करता फडक्यातून नुसतं पाणी गाळून घ्या. पिळलं तर गढूळ होतं, गढूळ मीडियमवर छोट्या कॉलन्या दिसत नाहीत, एवढंच नुकसान. गाळलेलं पाणी मोजा, कमी असेल तर साधं पाणी घालून 250 करा. बटाटा आपला फेकून द्या, काम संपलं त्याचं.

आता हे पाणी गार असतानाच त्यात अगर भुरभुरवा आणि ढवळा. उकळत्या पाण्यात एकदम टाकलं की गुठळ्या होतात आणि मग त्या काही केल्या सुटत नाहीत. गारात घालून पाचेक मिनिटं फुगू द्या, मग मंद आचेवर ठेवून सतत ढवळत उकळी आणा, तळाशी लागतं म्हणून हलवत राहायचं. उकळी आली की फेस एकदम वर येतो आणि ऊतू जातं, तेव्हा तिथून हलू नका. पारदर्शक दिसायला लागलं आणि चमच्यावर कण दिसेनासे झाले की डेक्स्ट्रोज घाला, विरघळवा, बंद करा.

मायक्रोवेव्हमध्येही विरघळतं, पण थोडंथोडं गरम करून मधेमधे हलवत. अति तापलेलं अगर वरून शांत दिसतं आणि बाटली हलवली की उसळून बाहेर येतं, हातावर पडलं तर चिकटून बसतं आणि वाईट भाजतं. झाकण घट्ट लावून तर कधीच नाही.

जिवाणूंसाठीचं न्यूट्रिएंट अगर हवं असेल तर ते तयार पावडरमध्ये घेणंच सोपं, नेहमीच्या फॉर्म्युल्यात लिटरला पेप्टोन (पचवलेलं प्रथिन) 5 ग्रॅम, बीफ एक्स्ट्रॅक्ट (मांसाचा अर्क) 3, मीठ 5 आणि अगर 15 असतं. पण ते नंतर, आधी यीस्ट जमू दे.

कुकर: खरं काम इथे आहे

नुसतं उकळलं तर जंतू मरत नाहीत का? बरेचसे मरतात. पण मातीतल्या काही जिवाणूंचे स्पोअर्स, म्हणजे टणक कवचाची सुप्त बीजं, असतात ते 100 अंशालाही आरामात टिकतात, आणि बटाटा मातीतूनच येतो. म्हणून प्रेशर. 15 पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं माप) कुकरच्या आतलं तापमान 121 अंशांपर्यंत जातं आणि तिथे 15 ते 20 मिनिटं मिळाली की ते स्पोअर्सही जातात.

मीडियम बाटलीत अर्ध्यापर्यंतच भरा. झाकण लावा पण सैल, एक आटा मागे फिरवलेलं, नाहीतर बाटली फुटेल. वरून फॉइलची टोपी घाला. कुकरच्या तळाशी जाळी ठेवा म्हणजे काच थेट तळाला टेकणार नाही, आणि पाणी भरपूर घाला, इथे डाळभातापेक्षा जास्त वेळ लागणार आहे, कुकर कोरडा पडता कामा नये. काचेच्या डिशा असतील तर त्या फॉइलमध्ये गुंडाळून सोबतच ठेवा, लाकडी टूथपिक पण फॉइलच्या पुडीत.

शिट्ट्या मोजू नका. पूर्ण प्रेशर आलं, म्हणजे पहिली शिट्टी झाली, की गॅस बारीक करा आणि तिथून घड्याळ लावा, 25 मिनिटं द्या. घरगुती कुकरमध्ये थोडी जास्त वेळ दिलेली बरी कारण सगळेच काही 15 पीएसआयला जात नाहीत. कमी प्रेशरचा असेल तर 40-45 मिनिटं. उंचावर राहत असाल तरी वेळ वाढवा. फार ताणलं तर मात्र साखर करपून मीडियम तपकिरी होतं, म्हणून तासभर वगैरे नको.

गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ काढायची सवय असते आपल्याला, इथे ती आवरा. प्रेशर एकदम गेलं की बाटलीतलं मीडियम उकळून बाहेर येतं आणि निम्मं कुकरात जातं. आपोआप उतरू द्या.

कुकर नसेलच तर एक जुनी पद्धत आहे, जॉन टिंडल यांची, 1870 च्या दशकातली. तीन दिवस ओळीने रोज अर्धा तास वाफेत 100 अंशाला ठेवायचं आणि मधल्या वेळात साध्या तापमानाला. पहिल्या दिवशी वाचलेले स्पोअर्स रात्रीत अंकुरतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वाफेत मरतात. चालतं, पण धीर लागतो.

ओतणं

बाटली बाहेर काढून हळूच गोल फिरवा, हलवू नका, बुडबुडे येतात. अगर तळाशी बसलेलं असतं, हे केलं नाही तर पहिल्या डिशा पातळ आणि शेवटच्या रबरासारख्या होतात. मग बाटली 50-55 अंशापर्यंत येऊ द्या, थर्मामीटर नसेल तर बाटली उघड्या हाताने काही सेकंद धरता आली पाहिजे. याहून गरम ओतलं तर झाकणाला आतून वाफेचे थेंब जमतात आणि ते मीडियमवर गळून सगळ्या कॉलन्या एकमेकींत मिसळतात.

तोवर जागा तयार करा. पंखा बंद, एसी बंद, खिडक्या बंद, घरातल्यांना सांगून ठेवा की दहा मिनिटं इकडे फिरकू नका. टेबल अल्कोहोलने पुसा, हात साबणाने धुऊन त्यावरही अल्कोहोल चोळा. मोठा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा उपडा घालून त्याला हात आत जाण्यापुरती दोन भोकं पाडली की आतली हवा स्थिर राहते, फार उपयोगी पडतो, अगदी फुकटातला जुगाड. पण त्या डब्यात अल्कोहोल फवारून आत मेणबत्ती किंवा बर्नर लावायचा नाही, भडका उडतो. एकतर डबा नाहीतर ज्योत, दोन्ही एकत्र नाही.

डिशचं झाकण पूर्ण काढून बाजूला ठेवायचं नाही, एका बाजूने उचलायचं, ओतण्यापुरतं, आणि लगेच खाली. उघड्या डिशवर बोलू नका, शिंकणं तर दूरच. 90 मिलीमीटरच्या डिशमध्ये 15 ते 20 मिली, म्हणजे तळ झाकून वर थोडं. ओतून झालेल्या डिशा एकावर एक रचा, त्याने झाकणाला पाणी कमी धरतं. अर्ध्या तासात घट्ट होतात.

मला विचाराल तर पहिल्या खेपेला ओतूच नका. रुंद तोंडाच्या छोट्या काचेच्या बरण्या घ्या, त्यात गरम मीडियम सेंटिमीटरभर घाला, झाकण सैल, वर फॉइल, आणि बरणीसकट कुकरमध्ये लावा. गार झाल्यावर झाकण फिरवून घट्ट केलं की झालं, हवेशी संबंधच आला नाही. यीस्ट लावताना हात आत घालायला जरा अडचण होते पण कंटॅमिनेशन, म्हणजे नको ते जंतू शिरणं, एकदम कमी होतं, आणि पहिल्यांदा सगळ्या डिशांवर हिरवी बुरशी बघून लोक जे सोडून देतात ते तरी होत नाही.

दोन दिवस काहीच करू नका

तयार डिशा उपड्या करून साध्या तापमानाला दोन दिवस ठेवा, काही न लावता. सगळे हे वगळतात. पण यातूनच कळतं की तुमचं कुठे चुकलं. सगळ्याच डिशांवर सारखं काहीतरी उगवलं आणि ते अगरच्या आतसुद्धा दिसतंय, तर मीडियम निर्जंतुकच झालं नव्हतं, कुकरची वेळ वाढवा. एकदोन डिशांवर, फक्त वरच्या बाजूला ठिपका, तर ओतताना हवेतून आलं. जे स्वच्छ राहिलं ते पिशवीत घालून उपडंच फ्रिजमध्ये, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळ्या डब्यात, तीन-चार आठवडे टिकतं. आणि प्रयोग करताना एक डिश नेहमी तशीच कोरी सोबत ठेवायची. ती नसेल तर बाकीच्या डिशांवर काय आलं याला तसा काही अर्थ नाही, कशावरून ते तुम्ही लावलेलंच आहे?

यीस्ट लावणं

उकळून गार केलेल्या चमचाभर कोमट पाण्यात यीस्टचे चार दाणे घाला, दहा मिनिटं थांबा. निर्जंतुक टूथपिक बुडवून डिशच्या एका कोपऱ्यात हलक्या हाताने नागमोडी रेघा ओढा, अगर फाटू देऊ नका. मग नवीन टूथपिक घ्या, आधीच्या रेघांवरून एकदा जाऊन पुढच्या भागात रेघा, परत नवीन, परत पुढे. दर वेळी पेशी कमी कमी होत जातात आणि शेवटच्या भागात एकेक पेशी सुटी पडते, तिच्यापासून एक स्वतंत्र कॉलनी. घट्ट मीडियमचा सगळा फायदा हाच आहे, पातळ सूपमध्ये सगळं एकत्रच वाढतं.

नाव तारीख मार्करने तळाला लिहा, झाकणावर नाही, झाकणं बदलली जातात. टेपचे दोनचार तुकडे लावून झाकण पक्कं करा, पण पूर्ण गोल सील करू नका, आत हवा संपली की ज्यांना ऑक्सिजन नको असतो असे नको ते जीव वाढायला वाव मिळतो. डिश उपडी ठेवायची, 20 ते 25 अंश, कपाटात कुठेतरी. शरीराच्या तापमानाला म्हणजे 37 अंशाला मुद्दाम ठेवू नका, माणसाला त्रास देणाऱ्या जंतूंना तेच आवडतं.

दोन-तीन दिवसांत मळकट पांढऱ्या, साईच्या रंगाच्या, किंचित फुगीर, मंद कॉलन्या दिसतील, ते यीस्ट. चकचकीत ओलसर किंवा पिवळी गुलाबी काही दिसलं तर बहुधा जिवाणू. केसाळ, आधी पांढरं मग हिरवं काळं, ती बुरशी. उगवल्यानंतर डिश उघडायची नाही, वास घ्यायचा नाही, फोटो झाकणातूनच काढा.

मीडियम घट्टच झालं नाही असं झालं तर एकतर अगर कमी पडलं, किंवा ते नीट विरघळलं नव्हतं, किंवा तुम्ही त्यात लिंबू व्हिनेगर असं आंबट काही घालून कुकर लावला. आंबटपणात जास्त तापवलं की अगरची जमण्याची ताकदच जाते.

टाकून देणं

आठवड्याभरात आटपा, कपाटात विसरू नका. काचेच्या डिशा आणि बरण्या न उघडता, टेपसकट, पुन्हा कुकरमध्ये अर्धा तास लावा, बरण्यांचं झाकण तेवढं न उचलता एक आटा सैल करा. मग घट्ट व्हायच्या आत नाही, गार होऊन गोळा झाल्यावर अगर खरवडून कचऱ्यात टाका, सिंकमध्ये ओतलं तर ते पाइपमध्ये जाऊन जमतं. प्लॅस्टिकच्या डिशा हातमोजे घालून ब्लीचच्या पाण्यात बुडवा, घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, पाण्याखालीच झाकण सरकवून उघडा म्हणजे आतलं हवेत उडत नाही, किमान अर्धा तास, मी तर रात्रभर ठेवतो. मग पिशवीत बांधून कचऱ्यात. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं कुठलं क्लीनर मिसळायचं नाही आणि ब्लीच लागलेल्या वस्तू कुकरमध्ये घालायच्या नाहीत, विषारी वायू येतो. शेवटी टेबल पुन्हा अल्कोहोलने पुसा आणि हात साबणाने धुवा.